मालिकेतल्या नटाला गर्दी आणि एकाहत्तरच्या सैनिकासमोर रिकाम्या खुर्च्या, असं का होतं?

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांचे सासरे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधले, १९७१ साली पूर्व आघाडीवर लढलेले. सोसायटीने १५ ऑगस्टला त्यांचा सत्कार ठेवला तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पुढच्याच आठवड्यात जवळच्या सराफी दुकानाच्या उद्घाटनाला मालिकेतला एक नट आला आणि रस्ता बंद पडला. सत्काराला न आलेले शेजारी तिथे मोबाईल उंचावून उभे होते. ताई विचारतात, समाज इतका कृतघ्न कसा? आणि सोसायटी आता २६ जानेवारीला पुन्हा कार्यक्रम करायचा म्हणते आहे, तर तो करू द्यावा की नको?

मी ठाणे आणि नवी मुंबईत निवेदनाचं आणि प्रकट मुलाखतींचं काम करते. गडकरी रंगायतन, काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, वाशीचं विष्णुदास भावे, आणि याहून कितीतरी जास्त सोसायट्यांचे आणि मंडळांचे मांडव. नट, गायक, खेळाडू आणि माजी सैनिक, सगळ्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आहे. त्यामुळे ताईंचा राग मला कळतो, पण त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. 'कृतघ्न' म्हटलं की विषय तिथेच संपतो आणि करण्यासारखं काही हाती उरत नाही.

मुळात गर्दी आदराने जमत नाही, ओळखीने जमते. तो नट रोज रात्री ठरलेल्या वेळी लोकांच्या घरात येतो. लोक जेवत असतात, तो समोर असतो. त्याचं लग्न त्यांनी पाहिलेलं असतं, त्याचं भांडण, त्याची आई, त्याचा अपघात. दुकानाच्या दारात लोक त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारत नाहीत, भूमिकेच्या नावाने मारतात. नात्यातला माणूस आला म्हटल्यावर बघायला जाणार नाहीत तर काय? २०२५ च्या जानेवारीत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, १८, १९ आणि २१ तारखेला. त्याच आठवड्यात, १५ जानेवारीला, सेना दिनाचं संचलन पुण्यात झालं होतं. नेरुळला गेलेल्या पोरांना सैन्याबद्दल कमी वाटतं असं म्हणायला मी तयार नाही. ती गाणी त्यांनी शाळा-कॉलेजच्या वयापासून कानात घालून ऐकली होती. संचलनात चालणाऱ्या एकाही जवानाचं नाव त्यांना माहीत नव्हतं, आणि ते कळण्याची सोयही कुणी केली नव्हती.

सैनिकाची ओळख का होत नाही, याची कारणं त्याच्या कामातच आहेत. नटाचं काम दिसण्याचं, सैनिकाचं न दिसण्याचं. नोकरीत असेपर्यंत परवानगीशिवाय वर्तमानपत्राशी, वाहिनीशी बोलायचं नाही हा नियमच असतो, आणि ती सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. त्यात सैन्यात 'मी' हा शब्द फार कमी वापरला जातो. मी विचारते, "तुम्ही काय केलंत?" उत्तर येतं, "पलटणीने पूल घेतला." "तुमच्या कंपनीत काय घडलं?" "साहेबांनी हुकूम दिला, पोरं गेली." नटाला असं विचारलं की तो स्वतःपासून सुरुवात करतो, कारण त्याचं काम त्याच्या एकट्याच्या चेहऱ्यावर चालतं. यात कुणी लहान-मोठा नाही, दोन धंद्यांच्या सवयी वेगळ्या आहेत.

हे सगळं ठिकाणावरही अवलंबून आहे, हे कबूल करायला हवं. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले आणि त्याचा स्मृतिस्तंभ गावात उभा आहे. तिथे सुट्टीवर आलेला जवान म्हणजे प्रत्येक घराला माहीत असलेला माणूस. 'पोस्टिंग कुठे?' हा तिथल्या पारावरचा रोजचा प्रश्न. तिथल्या माणसाला ऐरोलीतला सत्कार दाखवलात तर त्याला विश्वास बसणार नाही. आपल्याकडे ठाण्यात, वाशीत, खारघरमध्ये बहुतेक घरांत सैन्यातलं कुणी नसतं. रँक कळत नाही, छातीवरच्या रिबनी कळत नाहीत, सुभेदार मोठा की हवालदार हे कळत नाही. कळत नाही म्हणून माणूस बिचकतो, आणि मग नुसतं "जय हिंद साहेब" म्हणून पुढे जातो.

एका कार्यक्रमातली गोष्ट सांगते. कारगिल विजय दिनाचा मांडव होता, मंचावर तोफखान्यातले एक निवृत्त हवालदार. माझ्याआधी बोलणाऱ्या पाहुण्यांनी त्यांना विचारलं, "देशासाठी लढताना काय भावना होती?" ते म्हणाले, "अभिमान वाटतो." संपलं. पुढच्या प्रश्नाला नुसती मान हलवली. प्रेक्षकांत चुळबूळ सुरू झाली, मागच्या रांगा उठायला लागल्या. माझ्या एक लक्षात आलं की दर वेळी ते डावा कान पुढे करत होते. तोफेजवळ आयुष्य काढलेल्या पुष्कळ जणांना कमी ऐकू येतं, आणि इथे स्पीकरचं तोंड प्रेक्षकांकडे, घुमणारा आवाज मंचाकडे. त्यांना प्रश्नच पोचत नव्हता. मी खुर्ची त्यांच्या डाव्या हाताला घेतली, माईक बाजूला धरून कानाशी विचारलं, "बोफोर्सचा एक गोळा किती जड असतो हो?"

"त्रेचाळीस किलो," ते म्हणाले. आणि मग कुणी न सांगता उठले, गोळा कसा उचलायचा, कसा भरायचा, कुणी कुठे उभं राहायचं ते मंचावर करून दाखवायला लागले. वर हवा विरळ, दोन पावलं धावलं की छाती भरून येते, हातमोजे घातले तर पकड सुटते आणि काढले तर थंड लोखंडाला कातडी चिकटते. रात्रभर गोळे वाहिल्यावर सकाळी चहाचा मग धरता येत नव्हता, बोटं मिटत नव्हती. कारगिलमध्ये आपल्या तोफखान्याने अडीच लाखांच्या आसपास गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली हे पाहुण्यांनी भाषणात आधी सांगितलं होतं आणि ते कुणाच्याही मनात राहिलं नव्हतं. आता त्यातला एकेक गोळा कुणीतरी हातांनी उचलला होता हे समोर दिसत होतं. उठलेली माणसं उभी होती तिथेच थांबली. कार्यक्रमानंतर पोरांनी हवालदारसाहेबांना जो घेराव घातला, तो कुठल्याही नटाला आवडला असता.

माणूस तोच होता आणि प्रेक्षकही तेच. ओळख करून देण्याची रीत बदलली, एवढंच. म्हणून मला वाटतं, करमणूक करणारे आणि सैनिक यांना एकमेकांसमोर उभं करणंच चुकीचं आहे. आपल्याकडे सैनिकाची कीर्ती नेहमी कलावंताच्याच खांद्यावर बसून आली आहे. अफझलखानाच्या वधाची हकिगत लोकांच्या तोंडी गेली ती अग्निदास शाहिराच्या पोवाड्याने, आणि सिंहगडावरचा तानाजी घराघरांत पोचला तो तुळशीदास शाहिराच्या. डफ वाजवून लोकांना जमवायचं, हसवायचं, रडवायचं, हे शाहिराचं काम म्हणजे करमणूकच. तो नसता तर तानाजी मालुसरे हे नाव एखाद्या बखरीच्या पानात राहिलं असतं. त्याच्याही आधी गावोगावी वीरगळ होते, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या आठवणीसाठी कोरलेले दगड. बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत त्यांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. कुणीतरी पाथरवटाला पैसे दिले, त्याने छिन्नी चालवली, म्हणून त्या खलाशांचं झुंजणं आज दिसतं.

अलीकडची उदाहरणंही हेच सांगतात. १९६२ च्या पराभवानंतर गेलेल्या जवानांसाठी देश रडला तो २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत लता मंगेशकर गायल्या तेव्हा. मुरलीकांत पेटकरांचं बघा. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं, भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. आणि शाळेतल्या पोरांना त्यांचं नाव कळलं ते २०२४ साली त्यांच्यावर हिंदी चित्रपट आला तेव्हा. मधली पन्नास वर्षं हा माणूस आपल्यातच राहत होता. मला त्या चित्रपटाचा राग येत नाही, आनंद होतो. राग येतो तो त्याआधी कुणी विचारलं नाही याचा.

म्हणजे समाजाचं काहीच चुकत नाही असं मला म्हणायचं आहे का? अजिबात नाही. चुकतं, पण ताई दाखवतात तिथे नाही.

एक तर आपण सैनिकाला मेल्यावर ओळखतो. ऑगस्ट २०१८ मध्ये मेजर कौस्तुभ राणे गुरेझमध्ये धारातीर्थी पडले. मीरा रोडचे, आपल्याच ठाणे जिल्ह्यातले. अंत्ययात्रेला हजारो लोक रस्त्यावर उतरले, आणि ते प्रेम खरं होतं, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्याच ठाणे जिल्ह्यात जिवंत परतलेले किती जवान आहेत, कुठल्या इमारतीत राहतात, हे त्या गर्दीतल्या कितीजणांना सांगता आलं असतं? दुसरं, आपल्याला सैनिक आठवतो तो युद्धाच्या बातम्या असतात तेव्हा. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत माझा फोन सतत वाजत होता, सगळ्यांना मंचावर फौजी हवा होता. आयपीएल आठवडाभर थांबलं होतं. पाऊस सुरू झाला आणि फोन बंद झाले.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत जास्त लागते. आपल्या शहरांतल्या सोसायट्यांच्या फाटकांवर, बँकांच्या दारांत, एटीएमच्या गाड्यांवर जे सुरक्षारक्षक उभे असतात त्यांच्यात पुष्कळ माजी सैनिक असतात. शिपाई साधारण पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो, मुलं शाळेत असतात, घराचं कर्ज असतं, दुसरी नोकरी करावीच लागते. काश्मीरमध्ये तीन तीन वर्षं काढलेला माणूस आपल्या फाटकावर पार्सलांच्या नोंदी करतो आणि आपण त्याला 'ओ वॉचमन' म्हणतो. दुकानाच्या उद्घाटनाला लोक गेले याचं मला काही वाटत नाही. याचं वाटतं.

कागदपत्रांचंही तसंच. शाल-श्रीफळ द्यायला दहा हात पुढे येतात. पण सैन्याच्या निवृत्तिवेतनाच्या 'स्पर्श' पोर्टलवर दरवर्षी हयातीचा दाखला भरायचा असतो. म्हाताऱ्या माणसाच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात, ठसा घेणारं यंत्र दाद देत नाही, निवृत्तिवेतन अडकतं, आणि मुलगा परगावी. अशा वेळी सोबत जाऊन दोन तास बसणारा शेजारी मिळणं अवघड. राज्य सरकारने २०२० मध्ये माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना मालमत्ता करात माफी देण्याची योजना आणली. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. ही योजना आहे हेच ठाऊक नसलेले लोक मला अजून भेटतात. ताई, तुमच्या सासऱ्यांनी तो अर्ज केला आहे का, हे आधी बघा.

आता एक सावधगिरी. सैनिकाला देव्हाऱ्यात बसवणं हाही काही उपाय नाही. ज्या देशांत गणवेशाची पूजा फार झाली तिथे पुढे गणवेशच राज्य करायला बसला. आपल्याकडे तसं झालं नाही, त्यात सैन्याने स्वतः पाळलेल्या अंतराचा मोठा वाटा आहे. नटासारखी गर्दी आपल्यामागे लागावी असं मला भेटलेल्या एकाही जुन्या फौजीला वाटत नव्हतं. माझ्या गावात, माझ्या इमारतीत, मी काय केलं ते चार जणांना नीट माहीत असावं, एवढंच त्यांचं मागणं असतं. काहींचं तेवढंही नसतं. काहींना ते दिवस पुन्हा उघडायचेच नसतात, बोलायला लागलं की रात्री झोप लागत नाही. म्हणून कार्यक्रम करावा की नको, याचं उत्तर मी देऊ शकत नाही, तुमचे सासरेच देऊ शकतात. त्यांना एकटं गाठून विचारा, सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर नाही. सेक्रेटरीसमोर ते 'हो'च म्हणतील.

ते खरंच हो म्हणाले तर २६ जानेवारीचा हट्ट सोडायला सांगा. त्या सकाळी झेंडावंदन असतं, मुलांची नाच-गाणी असतात, सुट्टी जोडून लोक बाहेरगावी जातात, आणि बाकीचे नाश्त्याकडे डोळे लावून बसलेले असतात. या सगळ्यात सत्कार दहा मिनिटांत उरकला जातो. डिसेंबरमधली संध्याकाळ घ्या. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वज दिन, १६ डिसेंबरला विजय दिवस. त्यातही तुमच्या सासऱ्यांसाठी माझ्या मते योग्य दिवस ११ डिसेंबर.

का ते सांगते. पहिली मराठा म्हणजे जंगी पलटण. डिसेंबर १९७१ मध्ये ही पलटण ढाक्याच्या वाटेवरच्या जमालपूरला होती. आपल्या ब्रिगेडच्या ब्रिगेडियर हरदेव सिंग क्लेर यांनी तिथल्या पाकिस्तानी तुकडीला शरण येण्याची चिठ्ठी धाडली. ती तुकडी म्हणजे ३१ बलुच, तिचे लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तर पाठवलं, आणि त्या कागदात बंदुकीची एक गोळी गुंडाळलेली होती. लेखणी ठेवा आणि हत्यार घेऊन भेटा, असा मजकुराचा सूर. १० डिसेंबरच्या रात्री ती तुकडी वेढा फोडून निघायला बघत होती आणि तिची वाट अडवून अंधारात बसले होते ते आपले मराठे. पुन्हा पुन्हा हल्ले आले, वाट सुटली नाही, आणि ११ तारखेला जमालपूर पडलं. पाच दिवसांनी ढाक्यात शरणागती झाली. तुमचे सासरे त्या रात्री तिथे होते का, की पलटणीच्या दुसऱ्या कामावर होते, हे तुम्हाला विचारावं लागेल. ते असोत किंवा नसोत, ही त्यांच्या पलटणीची गोष्ट आहे आणि ऐरोलीत ती कुणालाही ठाऊक नाही. सत्काराच्या फलकावर 'वीर जवान' असं मोघम लिहिण्यापेक्षा कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी सोसायटीच्या ग्रुपवर कागदात गुंडाळलेल्या त्या गोळीची गोष्ट टाका आणि शेवटी लिहा, 'या पलटणीतले एक जण आपल्या बी विंगमध्ये राहतात'. खुर्च्यांची काळजी करावी लागणार नाही.

बाकी माझ्या कामातल्या सूचना देते, जमतील तशा घ्या. राजकीय प्रमुख पाहुणा नको. तो उशिरा येतो, आणि तो येईपर्यंत पंचाहत्तरीचा माणूस शाल पांघरून ताटकळतो. भाषणं नकोत, मुलाखत हवी, पाऊण तासाच्या आत. प्रश्न विचारायला सोसायटीतल्या नववी-दहावीच्या दोन मुली बसवा. मुलांना खोटं गंभीर होता येत नाही आणि म्हाताऱ्या माणसाला मुलांशी बोलताना पाठ केलेलं उत्तर द्यावंसं वाटत नाही. 'कशी भावना होती' आणि 'किती मारले' हे दोन प्रश्न सक्त मना. खायला काय मिळायचं, पायात काय होतं, घरचं पत्र किती दिवसांनी यायचं, भरती बेळगावला झाली तेव्हा आईने सोबत काय बांधून दिलं होतं, असं विचारायचं. त्यातूनच लढाई आपोआप येते, आणि नाही आली तरी ओढून आणायची नाही. ऐकू कमी येत असेल तर बसण्याची बाजू आधी ठरवा. सासूबाई असतील तर त्यांनाही मंचावर घ्या. १९७१ च्या हिवाळ्यात रेडिओ लावून गावात बसलेल्या बायकांचं युद्ध कुणी विचारतच नाही.

आणि तुमच्या फाटकावरच्या सुरक्षारक्षकांपैकी कुणी माजी सैनिक आहे का, ते आधीच विचारून ठेवा. असेल तर त्या संध्याकाळी त्याची पाळी दुसऱ्याकडे द्या आणि त्याला पहिल्या रांगेत बसवा. त्याच्या पलटणीचं नाव निवेदनात सासऱ्यांच्या पलटणीबरोबर आलं पाहिजे. सासऱ्यांनी होकार दिला की मला कळवा, मुलींचे प्रश्न तयार करून घ्यायला मी ऐरोलीला येऊन जाईन. मानधन नको.